अर्विंगची डिटेक्टिव्ह काकू

त्या मंगळवारी दुपारी आम्ही मेथी निवडत होतो. म्हणजे मी निवडत होतो आणि माझी बायको गोष्ट सांगत होती. पुस्तकातली मियामीची डिटेक्टिव्ह बाई, क्यूबातून आलेल्या आईबापांची पोरगी, खुनाचा तपास करत बंदरावर पोचली होती. तिनं बोटीवरच्या खोलीचं दार ढकललं आणि इकडं हिनं पुस्तक मिटलं.

"उरलेलं उद्या."

"अगं, आत कोण आहे तेवढं तरी सांग."

"एवढी घाई असेल तर इंग्रजी शिकायचं होतं, अहो."

संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. आमच्या लेकीनं, सुजातानं, अँब्युलन्स बोलावली. हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी चौथी शिकलेला, एसटीच्या डेपोत गाड्या दुरुस्त करत जन्म काढला. ती मॅट्रिक. लेकीकडं अमेरिकेत, अर्विंगला राहायला आल्यावर ती साडीखाली बूट घालून लायब्ररीत जायला लागली. त्या डिटेक्टिव्ह बाईची पुस्तकं आणायची, अडलेल्या शब्दाला डिक्शनरी काढायची आणि रोज दुपारी मला मराठीत सांगायची. सांगता सांगता त्या बाईवर चिडायची. "दुनियेचे खुनी शोधते, आणि आईला चार दिवस फोन नाही!" ती आई काळ्या घेवड्याचा भात फार छान करते म्हणे. एकदा हिनंही तो कुकरला लावला. नुसता लगदा झाला. लोणच्याबरोबर खाल्ला दोघांनी.

शेजारी नागपूरची निशा राहते, कॉम्प्युटरवाली. एक दिवस ही खिडकीतून बघत म्हणाली, "त्या पोरीची नोकरी गेलीय."

"तुला कुणी सांगितलं?"

"सकाळी डबा घेऊन निघते, आणि मागच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहते. घरी सासू-सासरे आलेत ना."

"नको तिथं नाक खुपसू नकोस."

"खुपसत नाही हो. बघायचं सगळं, विचारायचं काही नाही."

पोह्यांची डिश घेऊन ती त्या गाडीत जाऊन बसली. खरंच एक शब्द विचारला नाही. निशा आपणहून रडली. नोकरी गेलेली, व्हिसाचे दिवस संपत आलेले, सगळं सांगून मोकळी झाली. वर म्हणाली, "काकू, तुम्ही डिटेक्टिव्ह आहात यार!" तेव्हापासून सगळी बिल्डिंग हिला डिटेक्टिव्ह काकू म्हणायची. हिला ते आवडायचं. आवडत नाही असं म्हणायची.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. माझा पाय एका जागी ठरेना. बसलो की उठत होतो, बाल्कनीत जाऊन परत येत होतो. बोटीत कोण होतं, हे एकच डोक्यात. शेवटी पुस्तक आणून सुजातापुढं टाकलं.

"वाच."

"बाबा, आत्ता?"

"आत्ताच. बोटीत कोण होतं ते सांग."

लोक बघायला लागले. म्हातारा बिघडला म्हणाले असतील. म्हणोत.

सुजातानं शेवटची पानं वाचली, मग मधली, मग पहिली. "बाबा, यात बोट नाहीचे. And her mother is dead. पहिल्याच पानावर लिहिलंय, त्या डिटेक्टिव्हची आई ती लहान असतानाच गेली."

"मग भात कोण करत होतं?"

निशा तिथंच उभी होती, तिनं तोंडाला ओढणी लावली.

म्हणजे इतकी वर्षं ही पुस्तक हातात धरून मनानंच सांगत होती. निम्मं तिथलं, निम्मं तिचं. त्या आईवेगळ्या पोरीला हिनंच आई दिली होती. आणि बोटीत कोण होतं हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तिचा रागच आला. असं अर्ध्यावर टाकून जातात का?

"बाबा," सुजाता म्हणाली, "तुम्हाला आठवते का आईची गोष्ट? मला कधी सांगितली नाही तिनं."

मी खाली सतरंजीवर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. माणसं येत होती, चपला काढून बाजूला बसत होती. बंदरापर्यंत सगळं धड सांगितलं. पुढचं माहीत नव्हतं, तरी थांबलो नाही.