ट्रॅक्टरच्या बॅटरीचं उद्घाटन

आमच्या घरी बनवलेल्या बॅटरी बॅकअपने एकूण दोन तास सेवा दिली. त्यातला दीड तास भाषणांत गेला.

मी सिंदी रेल्वे या गावातला निवृत्त विज्ञान शिक्षक. फळ्यावर सेल, दिवा आणि कळ काढून 'कळ दाबली की दिवा लागतो' हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं. त्यामुळे शीतलची लॅपटॉपवरची मुलाखत लाईन, म्हणजे वीज, गेल्यामुळे अर्ध्यातच तुटली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त अपमान माझा झाला. शीतल माझी मुलगी. दोन वर्षं ती नोकरीसाठी झटत होती आणि नागपूरच्या कंपनीची ही शेवटची फेरी होती. कंपनीवाले भले निघाले. त्यांनी रविवारी अकराची वेळ पुन्हा दिली, पण "परत असं झालं तर आम्हाला बघता येणार नाही" असंही कळवलं. तिच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, वायर काढली की तो विझायचा.

"काळजी करू नको," मी म्हणालो. "मी हाओ ना."

"त्याचीच तं काळजी हाये," माझी बायको वंदना स्वयंपाकघरातून म्हणाली.

शाळेच्या भंगारातून मी संगणकाचा जुना यूपीएस विकत आणला होता. त्याच्या पोटातली चिमुकली बॅटरी काढून टाकली आणि तिच्या जागी वायरी लांब करून वंदनाच्या भावाच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. (ट्रॅक्टर तेव्हापासून वावरातच उभा होता. साळेबुवा आमच्याकडे एसटीने आले.) त्याला टेबलपंखा लावला, पंखा फिरला. ट्यूबलाईट लावली, पेटली. मी चार वेळा बंद-चालू करून पाहिलं आणि चारही वेळा मला स्वतःचा अभिमान वाटला.

इथवर थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण आमच्या भागात हातपंपाला नवा दांडा बसवला तरी उद्घाटन होतं, सत्कार होतो, आणि कोणीतरी दोन शब्द बोलतं. मी तर अख्खी वीज घरी बांधली होती. रविवारी सकाळी नऊला अंगणात तीस खुर्च्या लागल्या. अध्यक्ष म्हणून आमच्याच शाळेचे माजी मुख्याध्यापक ढोले सर आले.

अडचण एकच होती. उद्घाटनाला लाईन जायला पाहिजे होती आणि ती जाईना! एरवी दिवसातून चारदा जाणारी लाईन त्या दिवशी जावयासारखी ठाण मांडून बसली. सव्वानऊ वाजले. शेवटी मीच उठलो आणि टाळ्यांच्या गजरात घराचा मेन स्विच खाली पाडला. पंखा फिरत राहिला, ट्यूब जळत राहिली. शेजारच्या रामटेके काकूंनी तोंडावर पदर धरला.

"गुरुजी, तुमी तं जादूच केली," त्या म्हणाल्या. "माहा मोबाईल लावून देता का जरासा?"

नाही कसं म्हणणार? एक लावला तर मागोमाग सहा आले. मग ढोले सरांना माईक लागला, माईकला स्पीकरची पेटी लागली, पेटीही बॅकअपवर लावली. एवढ्यात यूपीएस "टूं टूं" करू लागला. बॅटरीवर चालतोय हे सांगायची त्याची ती रीत. पण सर 'विज्ञान आणि समाज' या विषयावर येत होते आणि दर वाक्याला टूं व्हायचं. हा सरांचा अवमान मला सहन होईना. मी घरातला कापसाचा बोळा घेतला, यूपीएसच्या आवाजाच्या भोकात कोंबला आणि वरून चिकटपट्टी लावली. टूं बंद झालं.

"अवो," वंदना दारात आली. "मिक्सर काऊन चालत नाई?"

"मिक्सरचा लोड जास्त असतो. तो बॅकअपवर नाई ठेवला."

"मंग फ्रीज?"

"फ्रीजपण नाई ठेवला."

"बरं," ती म्हणाली आणि चटणी पाट्यावर वाटायला गेली. तीस वर्षं शिकवलेल्या शिक्षकाला तेव्हाही काही सुचलं नाही.

सरांचे दोन शब्द पाऊण तास चालले. मग साळेबुवांचा सत्कार झाला, शाल-नारळ झालं, मग बॅटरीलाही हार घातला. पावणेअकराला लोक पोहे खाऊन गेले आणि शीतल लॅपटॉप घेऊन बसली. अकराला मुलाखत सुरू झाली. मी दाराबाहेर कान लावून उभा. पोरगी सुरेख बोलत होती.

सव्वाअकराला पंखा हळू झाला. मग थांबला. मग आतून आवाज आला, "बाबा!"

रडवेली शीतल लॅपटॉप छातीशी धरून बाहेर आली. मी तावातावाने लाईनमनला फोन लावला.

"मुलाखतीच्याच वक्ताले लाईन नेता का तुमी?"

"गुरुजी, लाईन तं हाये."

"माह्या घरी नाई, अन् म्हणे हाये!"

तेवढ्यात कुंपणापलीकडून रामटेके काकूंच्या मिक्सरची घरघर ऐकू आली. शीतलने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या मेन स्विचकडे पाहिलं आणि काकूंच्या घरी धावत सुटली. काकूंनी मिक्सर काढून तिथेच लॅपटॉप लावून दिला.

दहा मिनिटांनी लाईनमन सायकलवरून आला. त्याने एका बोटाने मेन स्विच वर केला. घर उजळलं.

"गुरुजी," तो अगदी आदराने म्हणाला (माझाच विद्यार्थी होता), "कळ दाबली का दिवा लागते."

शीतल तासाभराने परतली. कंपनीवाल्यांनी विचारलं होतं, पुन्हा वीज गेली का? तिने सगळं खरं सांगितलं, कापसाच्या बोळ्यासकट. पलीकडचे तिघं हसून हसून खुर्चीत लवंडले आणि मग म्हणाले, निदान खोटं तरी बोलली नाही. नोकरी मिळाली. नोकरीची चिठ्ठी आली आणि तिने ती वाचून दाखवली तेव्हा मी डोळे पुसले, वंदनाने मात्र 'आता मिक्सर चालते' म्हणत आधी पाटा उचलून ठेवला.

ट्रॅक्टर परत चालू लागला. सिंदीची लाईन आजही जाते. गेली की रामटेके काकू कुंपणावरून विचारतात, "गुरुजी, लाईन गेली का तुमी नेली?"

मी "गेली" असंच सांगतो. पण सांगण्याआधी आत जाऊन एकदा मेन स्विच पाहून येतो.