घड्याळातलं शेंगदाण्याचं तेल

घाण्यावरचं ताजं शेंगदाणा तेल घरात आलं की त्याच्या वासानं मला अजून एक घड्याळ आठवतं. लग्न होऊन अमळनेरला आले तेव्हा मी एका तेल गिरणीच्या मालकाकडे धुणीभांडी करायची. आधीची बाई बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती परत येईपर्यंतच माझं काम होतं. त्यांच्या बैठकीत माणसाहून उंच लंबकाचं घड्याळ होतं. ते करकरायला लागलं, तेव्हा माहेरी बैलगाडीच्या आसाला घालायचो तसं मी आतल्या चाकांना पिसानं स्वयंपाकघरातलं शेंगदाणा तेल लावलं. आवाज थांबला. मग थंडी पडली आणि घड्याळही थांबलं. धुळ्याहून कारागीर आला, बोट आत घालून वास घेतला आणि म्हणाला, “शेठ, यात भजी तळली का कोणी? खायचं तेल थिजून चाकं चिकटलीत.” शेठ ओरडले, “कोणाचं काम हे?” मी दाराआड फडकं घट्ट धरून उभी होते. नवराही त्यांच्याच गिरणीत होता. शेठाणी म्हणाल्या, “आधीच्या बाईचेच उद्योग. आता ती नको, हिलाच ठेवू. काय गं, तू नाही ना हात लावला?” मी म्हणाले, “नाही, अक्का.” थंडी सरताना ती बाई तान्हं पोर घेऊन आली. दार मीच उघडलं आणि शेठाणी घरी नाहीत म्हणून सांगितलं. त्या आत जेवत होत्या. आता मी सत्तरीची झाले. तेव्हा भ्यायले होते हे खरं, पण तिच्याशी खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही.