मेडिकल बोर्डापुढे एकदम फिट

सांगायला लाज वाटते हो, पण चहा घेतलाच आहे तर ऐका. असा गाढवपणा फक्त फौजीच करू शकतो!

फौजेत मी ट्रक चालवायचो. डोंगरातल्या रस्त्यांनी माझे मणके पार खिळखिळे केले. रिटायर झाल्यावर अपंगत्व पेन्शनसाठी अर्ज केला आणि मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं. कंबर नोकरीमुळेच गेली, एवढं डॉक्टरांना पटलं की झालं.

मिरजगावहून भिंगारपर्यंत एसटीत बायकोने माझी उजळणी घेतली. बायको म्हणजे माझ्या मामाचीच मुलगी, लहानपणापासून मला पुरती ओळखून!

"हे बगा, दुखतंय तर दुखतंय म्हनायचं. तितं मर्दुमकी दावू नगा."

"व्हय गं!"

आता यात अवघड ते काय? सांगतो. फौजेत दरवर्षी तपासणी व्हायची. दुखणं सांगितलं की तब्येतीची कॅटेगरी खाली आणि बढती गेली! म्हणून डॉक्टर दिसला की छाती फुगवायची आणि ओरडायचं, 'एकदम फिट, सर!' ती खोड हाडात मुरलेली.

आत गेलो. समोर डॉक्टर, त्याही मेजर मॅडम. झालं! काठी भिंतीला टेकवली आणि खाडकन सॅल्यूट ठोकला.

"काका, कंबर कशी आहे?"

"एकदम फिट, मॅडम!"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मग आलात कशाला? बरं, जमेल तेवढंच वाका."

जमेल तेवढंच? फौजी माणसाला असं म्हणायचं असतं का? माझ्यातला रंगरूट जागा झाला. सरळ पायाचे अंगठेच धरले!

कमरेत कट्कन आवाज झाला. अंगठे हातात, पण वर काही येता येईना.

"आता उभे राहा."

"नाही जमत, मॅडम."

"दुखतंय?"

आणि त्या अवस्थेत, फरशीकडे बघत, मी काय बोललो असेन?

"अजिबात नाही, मॅडम!"

डोळ्यांतलं पाणी नाकावरून खाली टपकत होतं हो!

शेवटी बायकोला आत बोलावलं. दोघींनी मिळून मला टेबलावर आडवा केला. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "काकू, कागद बघितले, कंबरही बघितली. नोकरीतच गेलीय, पटलं. पण यांचं डोकं? तेही नोकरीतच गेलं का?"

बायकोने पदर सावरला. "खोटं कशाला बोलू, म्याडम? ते भरतीच्या आदीपासनंच तसं हाय!"