भावाच्या गाडीचं नवं तेल

आमच्या घरात पोरांना गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. सगळ्यात जास्त मागणी असते ती मोठ्या भावाच्या मोटरसायकलला आडव्या आलेल्या कुत्र्याच्या गोष्टीला. ते कुत्रं मी दरवर्षी थोडं वाढवतो. आता ते वासराएवढं झालं आहे.

खरी हकिकत तेलाची आहे.

आणीबाणी उठली त्या सुमाराची. भाऊ हिंगण्याच्या एका कारखान्यात लेथवर होता, पण टेम्पररी. दिवाळीपर्यंत एकही खाडा पडला नाही तर कायम करतो, असं साहेबानं सांगितलेलं. जायला-यायला तिसऱ्या हातची मोटरसायकल होती. तिला वर्षानुवर्षं पिंपातलं सुटं, काकवीसारखं तेल पडायचं. ते बदलायचं दसऱ्याला. मग टाकीला कुंकू, हँडलला झेंडूचा हार.

मी कॉलेजात होतो. मोटरसायकल चालवता येत नव्हती, पण मासिकं वाचून तिच्यावर व्याख्यान देता येत होतं. त्या दसऱ्याला शिकवणीच्या पैशातून मी दुसऱ्याच कंपनीचा सीलबंद डबा आणला. इंजिन आतून धुऊन काढणारं तेल, असं त्यावर छापलं होतं.

कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणाला, "काहून बदलून राहिला गा? इतक्या वर्षांचा गाळ सुटला तर जाईन कुठं? आधी इंजिन खोलून साफ करू दे. दोन दिवस गाडी ठेवा लागन."

"दोन दिवस? मले खाडा पडन नं!" भाऊ म्हणाला.

"यायले खोलाचंच सुचते," मी म्हणालो. मिस्त्रीही हसला.

भावानं माझ्याकडे पाहिलं. "तू नीट वाचलं नं?"

"वाचलं."

"मग टाक."

आठ दिवसांत तेल डांबरासारखं काळं झालं. मी तेल मोजायची कांडी काढून वहिनीला दाखवली. "पहा वहिनी, कसा मळ निघून राहिला!"

"भाऊजी, थोडं तुमच्या डोक्यातही टाकून पहा." भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्याच आठवड्यात, सकाळच्या पाळीला जाताना हिंगणा रोडवर इंजिन एकाएकी जाम झालं आणि मागचं चाक जागीच अडकलं. भाऊ उजव्या हातावर पडला. मनगटाचा चुरा झाला.

मिस्त्रीनं इंजिन खोललं तेव्हा मी समोर उभा होतो. तेल जिच्यातून वर चढतं ती तळाची जाळी चिकट गाळानं बुजलेली. खाली तेल भरपूर होतं, वर काही चढलंच नव्हतं. त्यानं ती जाळी माझ्या हातात दिली आणि आपले हात पुसत राहिला.

मी दवाखान्यात गेलो तो हे सांगायलाच. आई आणि वहिनी खाटेशी बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "कुत्रं आडवं आलं गा. त्याले वाचवाले गेलो." मग माझ्याकडे पाहत पुन्हा म्हणाला, "कुत्रं."

मी तोंड मिटलं. ते अजून तसंच आहे.

दिवाळीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. मनगट वाकडंच जुळलं, लेथ सुटला. पुढं तो एका गोदामावर चौकीदार झाला.

गेल्या दिवाळीत पोरांनी पुन्हा तीच गोष्ट मागितली. मी वासरापर्यंत पोचलो, तेवढ्यात एकीनं विचारलं, "पण त्याचा रंग कोणता होता?"

इतक्या वर्षांत मला रंग सुचलाच नव्हता.

भावानं डाव्या हातानं कप खाली ठेवला.

"काळा," तो म्हणाला. "सांग पुढं."