जरासं लागलं

जर्मनचा डबा मांडीत घट्ट धरून शोभाआत्या डाव्या हाताच्या बोटांनी त्याच्या झाकणावर ताल धरते आहे, आणि अंगणात ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली मातीची भुलाबाई पणतीच्या उजेडात हलल्यासारखी वाटते आहे… आश्विनाचं नाव निघालं की मला आधी हेच दिसतं.

भातकुलीजवळच्या आमच्या गावात त्या दिवसांत वासांची नुसती दाटी व्हायची. कापून रचलेल्या सोयाबीनचा उबट वास, अजून ओल न सोडलेल्या काळ्या मातीचा, ताज्या सारवणाचा आणि कुणाच्या तरी चुलीवर खरपूस होत आलेल्या शेंगदाण्यांचा. सांज झाली की आम्ही मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरायचो. गाणी संपली की त्या घरची बाई बंद डबा हलवून दाखवी आणि आतला खाऊ ओळखायला लावी. फुटाणे खळखळत, लाडू धपधप आदळत, भिजवलेली डाळ मात्र अगदी गप्प बसे. बरोबर ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, असा नियमच होता. बाबांची ही धाकटी बहीण त्यात भारी लबाड! फुटाण्यांत चिंध्या कोंबून ती त्यांचा आवाजच बंद करून टाकायची आणि आमची फजिती बघत पोट धरून हसायची.

गाणीही तिनंच शिकवलेली. त्यांतली सून सासरी रुसायची, माहेराला निघायची, मग तिचा नवरा काठी घेऊन तिला शोधत यायचा – आणि त्या ओळीवर आम्ही सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायचो.

त्या वर्षी आत्या अकोल्याहून, तिच्या सासरहून, अवेळीच आली. दिवाळीला अजून वेळ होता, तिला आणायला कुणी गेलेलं नव्हतं. उजवं मनगट सुजून हिरवंनिळं झालेलं, त्यावर आंबेहळदीचा लेप आणि जुन्या लुगड्याची पट्टी. काय झालं म्हणून मी विचारलं, तर आई म्हणाली, "जरासं लागलं." बाबा पारावर म्हणाले, "त्याहीचं जरासं झालं." शेजारची काकू वाती वळता वळता म्हणाली, "माणूस गरम डोक्याचा हाये, पण मनाचा साफ हाये. एखादी लावली असन, नवराच तं हाये!" मारणं हा शब्द आमच्या घरात बैलाला होता, सापाला होता, आम्हा पोरांना तर हमखास होता, आत्याला मात्र नुसतं लागलं होतं, दाराची चौकट लागावी तसं. सगळ्यांचे आवाज इतके मऊ होते, की मलाही वाटलं, खरंच जरासंच असेल.

मग आमच्या घरची भुलाबाईची पाळी आली. आत्याला टाळ्या वाजवता येईनात, म्हणून ती डाव्या हातानं डब्यावर ताल देत बसली. काठीची ओळ आली आणि तिची बोटं थांबली. आम्ही टाळ्या वाजवतच राहिलो. गाणी संपल्यावर तिनं डबा हलवला, आणि नेहमीचा गलका उठला – फुटाणे! मुरमुरे! खोबऱ्याची वडी! शेजारच्या काकूची बारकी पिंकी मात्र डब्याकडे बघतच नव्हती. ती आत्याच्या पट्टीकडे टक लावून होती. एकदम म्हणाली, "आत्याले मामाजीनं मारलं."

आत्याच्या यजमानांना आम्ही सगळी पोरं मामाजी म्हणायचो. आई लगेच स्वयंपाकघरातून हसतच बाहेर आली आणि म्हणाली, "चूप वं, चोंबडी! खाऊ ओळख."

चारेक दिवसांत मामाजी न्यायला आले. आत्या बाबांना म्हणाली होती, "दादा, मले दिवाळीपरेंत तरी राहू दे." बाबा खाली बघत म्हणाले, "जरासं सहन कर. निवते तो." जावई आले म्हणून पुरणपोळ्या झाल्या. आत्याच्यानं लाटवेना, म्हणून आईनं लाटल्या, आणि तुपाची वाटी आत्यानं डाव्या हातानं वाढली. मी समोर बसून मामाजींचा उजवा हात बघत होते. स्वच्छ कापलेली नखं, बोटात अंगठी, पोळी मोडण्याची संथ रीत… त्या हाताचा मला अजून संताप येतो. जेवणं झाल्यावर आईनं खण-नारळानं आत्याची ओटी भरली, आणि ओटी सावरताना दुखऱ्या मनगटाचा हात तिच्या पदराखाली गेला.

मामाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई-बाबाही नाहीत, धांड्यांचे मांडवही आता क्वचितच दिसतात. आत्याचं मनगट वाकडं ते वाकडंच राहिलं. चहाचा कप ती दोन्ही हातांनी उचलते.

परवा तिची मुलगी रूपाली नांदगाव पेठेतल्या सासरहून ऑटोनं थेट माझ्याकडे, अमरावतीला आली. ओठ फुटलेला. आईकडे का गेली नाहीस, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्याच आली. पिशवीतून तिनं खण, नारळ, तांदूळ काढून माझ्या ओट्यावर ठेवले.

"माह्यानं भरवत नाई, मी अशी बिनकुंकवाची. तू भर हिची ओटी, मी पोचवून देतो हिले. जरासंच झालं हाये."

रूपालीनं मान वर केली. "आई, तुह्या हाताले बी जरासंच लागलं होतं काय वं?"

आत्याचा हात पदराखाली गेला. मी तांदळाच्या पुडीला हात लावला नाही. कुकरची शिट्टी झाली, खाली कुणाची तरी गाडी सुरू होऊन निघून गेली. आत्या उठली तेव्हा उन्हं उतरली होती. रूपालीच्या तोंडावरून तिनं डावा हात फिरवला आणि एकटीच दाराशी जाऊन चप्पल घालू लागली. खण-नारळ ओट्यावरच होते.

"त्या बारक्या पिंकीनं ओळखलं होतं वं," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "तिले खाऊ देल्ला होता ना मंग आपण?"

"दिला होता," मी म्हणाले.

खरं तर मला आठवत नाही.