चित्र नसलेलं पान

"नाव नका सांगू, काम सांगा," असं आमच्या मॅडम म्हणायच्या आणि चष्मा कपाळावर ढकलायच्या. कुणी नवा मिक्सर घेतला, नवी पॉलिसी काढली, वरून नवी योजना आली असं सांगायला लागलं की हे वाक्य ठरलेलं. स्टाफरूममधल्या काही जणांनी तर त्यांना काही सांगणंच सोडून दिलं होतं. मॅडमना त्याचं काही वाटत नसे. त्या मुळात दमलेल्या असायच्या. दमलेल्या माणसाला पाल्हाळ ऐकवत नाही, एवढंच त्या वाक्यामागचं कारण असावं असं मला वाटतं.

देवळाली प्रवऱ्याच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात मी मराठी शिकवतो. मॅडम संगणकाची लॅब सांभाळायच्या. लॅबमधली मशिनं इतकी जुनी, की बटण दाबून चहा पिऊन यावं तेव्हा कुठे पडदा उजळायचा. म्हणून मॅडमनी त्या सगळ्यांवर विंडोज काढून लिनक्स टाकलं. ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या मशिनवरही बरं चालतं.

तुमच्या मोबाईलमध्ये जसं ॲपचं दुकान असतं तसं लिनक्समध्येही असतं. त्याला सॉफ्टवेअर सेंटर म्हणतात. तिथे प्रत्येक ॲपचं एक पान. वर नाव, खाली एका ओळीत माहिती, मग दोन-चार स्क्रीनशॉट, म्हणजे ॲप उघडल्यावर पडदा कसा दिसतो त्याची चित्रं. आपण सगळे आधी चित्रंच बघतो, तुम्हीही बघत असाल. पण ही फुकटची ॲप्स करणारी माणसं जगभर विखुरलेली, आपापल्या नोकऱ्या सांभाळून करणारी. ॲप पुरं होईस्तोवरच ती थकून जातात. मग पानाकडे कोण बघणार? कितीतरी पानांवर चित्राच्या जागी नुसता राखाडी चौकोन, आणि माहितीची ओळ अशी की लिहिणाऱ्यालाच कळावी.

"पोरं पान उघडतात, चौकोन बघतात, बंद करतात," मॅडम मला म्हणाल्या. "आत काय आहे ते कुणाला कळतच नाही."

ही पानं कुणालाही दुरुस्त करून पाठवता येतात. ॲप करणाऱ्याने आणि सेंटरच्या तपासणाऱ्यांनी ती बघून होकार दिला की जगभर तीच दिसतात. मॅडमनी हे काम आपणहून अंगावर घेतलं होतं. वर्गाच्या मधल्या वेळात एकेक पान उघडायचं, ॲप चालवून बघायचं, स्क्रीनशॉट काढायचा, ओळ सुधारायची आणि पाठवून वाट बघायची. मराठी ओळीसाठी त्या माझ्याकडे यायच्या.

पहिल्यांदा आल्या तेव्हा कुणीतरी मराठीत करून ठेवलेली एक ओळ त्यांनी वाचून दाखवली. 'बहुउद्देशीय दस्तऐवज प्रदर्शक.' मला ती शुद्ध वाटली. मॅडमनी दारातल्या शिपाईमामांना हाक मारली आणि पुन्हा वाचली.

"मामा, यावरून काय कळलं?"

मामांनी जरा विचार केला. "खरेदीखताचं काय तरी हाय व्हय?"

आम्ही ती ओळ 'पीडीएफ फाईल उघडून वाचा' अशी केली. त्यानंतर मामांना विचारल्याशिवाय एकही ओळ पुढे गेली नाही. ते बिचारे "मला काय कळतंय त्यातलं" म्हणत यायचे, पण यायचे.

स्क्रीनशॉटच्या बाबतीत मॅडम फार कडक. खिडकी पूर्ण दिसली पाहिजे, मागचा वॉलपेपर दिसता कामा नये, आणि आत काहीतरी असलं पाहिजे. "रिकाम्या ताटाचा फोटो दाखवून कुणाला जेवायला बोलावणार?" म्हणायच्या. पाककृतींच्या ॲपमध्ये त्यांनी हुलग्याच्या शेंगोळ्यांची कृती भरली, तीही नीट, लसणीच्या फोडणीसकट. हवामानाच्या ॲपसाठी गाव निवडायचं होतं तर भंडारदरा निवडलं. त्यांचं माहेर तिकडचं, अकोले तालुक्याच्या डोंगरातलं. परदेशातल्या कुणीतरी विचारलं की एखादं माहितीचं शहर घेता येईल का. मॅडमनी उत्तर लिहिलं, "मला हेच माहितीचं आहे." ते चित्र तसंच स्वीकारलं गेलं.

पण हे काम संपणारं नव्हतं. ॲपची नवी आवृत्ती यायची, बटणं इकडची तिकडे व्हायची आणि महिन्याभराची मेहनत शिळी व्हायची. मॅडम कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. कंटाळल्याचं तोंडाने बोलायच्या नाहीत. चेहऱ्यावर मात्र ते सतत असायचं.

त्या थकव्याचं खरं कारण घरी होतं. त्यांचे यजमान कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. ऊस कधी तोडायचा, तोडणीची टोळी कुणाच्या रानात आधी पाठवायची, यावरून दिवसभर शेतकऱ्यांशी बोलणं हाच त्यांचा धंदा. त्यांचा फोन चालू असला की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. एका सकाळी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण शब्द ओठांवर यायचा नाही. "हे... हे..." एवढंच यायचं, आणि मग चिडून डोळ्यांत पाणी. नगरच्या डॉक्टरांनी चित्रं दाखवून बघा असं सांगितलं, म्हणून मॅडमनी वर्तमानपत्रांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. तो पुठ्ठा यजमानांनी एकदा हातातून भिरकावून दिला. त्यानंतर घरात शांतताच होती. मधल्या सुट्टीत मॅडम घरी जाऊन त्यांना भरवून यायच्या. दोन वर्षं असं चाललं होतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की मॅडमचे मिस्टर आजारी असतात.

एके दिवशी मॅडमनी मला आणि मामांना लॅबमध्ये बोलावलं. एका पानावर चौकोन होता आणि इंग्रजीत एक ओळ. मी तिचा अर्थ जमेल तसा लावला. 'चिन्हाधारित पर्यायी संवादासाठी आघाडी.'

"आघाडी म्हंजी निवडनुकीचं हाय का?" मामांनी विचारलं.

मॅडम हसल्या. "हे पान मी कितीदा बघून पुढे गेलेय. आज आत बघूनच टाकू." त्यांनी ॲप उघडलं.

पडद्यावर चित्रंच चित्रं आली. पेला, ताट, खाट, पंखा, डोकं धरलेला माणूस. मॅडमनी पेल्याच्या चित्रावर माऊसचं बटण दाबलं. मशीन इंग्रजीत बोललं की मला पाणी हवंय.

मामा म्हणाले, "बोलतंय की हे."

मॅडमनी पुन्हा पेला दाबला, मग खाट, मग पंखा. नंतर हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. आम्हाला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. मामा पाणी आणायला गेले. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "दोन वर्षं, सर. इथंच होतं. या लॅबमध्येच होतं."

त्या दिवशी मला त्यांच्या घरची हकीकत पहिल्यांदा पूर्ण कळली.

ॲपमधले शब्द मराठी करणं सोपं होतं. आवाजाचं अवघड गेलं. मशीनचा मराठी आवाज स्टँडवर गाडीची घोषणा व्हावी तसा होता. यजमानांनी तो ऐकून तोंड फिरवलं. प्रत्येक चित्राला आपला आवाज भरायची सोय होती.

"तुमचाच आवाज भरा की," मी म्हटलं.

"नको. मग मीच माझ्याशी बोलतेय असं होईल. पुरुषाचा हवा. तुम्ही द्याल का?"

मधल्या सुट्ट्यांमध्ये लॅबचं दार लावून मी शब्द म्हणत बसलो. चहा. पाणी. पंखा. पाठ दुखते. मॅडम कानाला हेडफोन लावून ऐकायच्या आणि मान हलवायच्या. "शिकवल्यासारखं नको, सर. मागितल्यासारखं म्हणा." आयुष्यात मला कुणी इतकं बारकाईने ऐकलं नसेल.

महिन्याभराने त्यांनी मला घरी चहाला बोलावलं. यजमान खिडकीशी खुर्चीत बसले होते, मांडीवर फळी आणि फळीवर जुना लॅपटॉप. मला बघून त्यांनी डावा हात उचलला. मग एका चित्रावर बोट टेकवलं.

"मीठ," माझाच आवाज आला.

बोट सरकलं. "नाही."

"बीपी आहे तुम्हाला," मॅडम आतून म्हणाल्या.

"मीठ. नाही. मीठ. नाही."

दोन वर्षं तो माणूस अळणी जेवत होता आणि त्याला तक्रार करता येत नव्हती. मॅडम ओढणीने तोंड दाबून हसत बाहेर आल्या. "रोज हेच चाललंय. जेवायला बसलं की भांडण." असं हसताना मी त्यांना कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं. यजमानांनी मग माझ्याकडे बघून 'चहा' दाबलं आणि कपाकडे बोट केलं. माझ्याच आवाजात मला चहा घ्यायचा आग्रह झाला.

आता मॅडम त्या एका पानाच्या मागे लागल्या. ॲप करणाऱ्याला त्यांनी लिहिलं, पण उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. पावसाळा गेला. मग कधीतरी त्याचं उत्तर आलं, दोन-तीन ओळींचं. हे त्याने आपल्या बहिणीसाठी केलं होतं. बहीण गेल्यावर त्याला ते उघडून बघवलं नाही. तुम्हाला पान सांभाळायचं असेल तर सांभाळा, मी परवानगी देतो, असं लिहून त्याने खरोखरच ती दिली.

मॅडमनी ते उत्तर मला वाचायला दिलं आणि लगेच त्या पानाची ओळ लिहायला घेतली.

ओळीवर आम्ही बरेच दिवस घालवले. शेवटी ठरलं, 'बोलता येत नसेल तर चित्रं दाबून बोला.' मामा म्हणाले, "आता कळलं."

स्क्रीनशॉटसाठी चित्रांचं एक वाक्य जुळवून दाखवायचं होतं. मॅडमनी ते काम यजमानांवर सोपवलं. त्यांनी बराच वेळ घेऊन तीन चित्रं निवडली. 'आज. खूप. कंटाळा.' मॅडमनी त्याचंच चित्र काढून पाठवलं. सॉफ्टवेअर सेंटरच्या तपासणाऱ्यांपैकी कुणीतरी सौजन्याने सुचवलं की काहीतरी आनंदी वाक्य असतं तर पान जास्त छान दिसलं असतं.

"काय लिहू?" त्यांनी मला विचारलं.

"बदला की. त्यात काय?"

"नाही, सर. माणसाला कंटाळा आलेला सांगता आला पाहिजे. पाणी तर मी न मागताच देत होते." आणि त्यांनी तेवढंच इंग्रजीत लिहून पाठवलं. चित्र स्वीकारलं गेलं.

काही आठवड्यांनी पानाखाली पहिला अभिप्राय आला. पाचपैकी दोन तारे, आणि खाली तक्रार, की आवाज फार लहान येतो. मला वाईट वाटलं. मॅडम मात्र दिवसभर खुशीत होत्या. "दोन का होईना. वापरलं ना कुणीतरी," त्या म्हणाल्या, आणि आवाज वाढवायची सोय करता येईल का हे विचारायला त्यांनी पुन्हा त्या ॲप करणाऱ्या माणसाला लिहिलं.

त्या हिवाळ्यात, कारखान्याचं गाळप ऐन जोरात असताना, यजमानांना दुसरा झटका आला. नगरला नेईपर्यंत ते गेले. मॅडम दहाव्या-तेराव्यानंतर कामावर आल्या. आम्ही सगळे त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होतो, आणि त्यांना त्याचाही कंटाळा येत होता हे दिसत होतं.

थोड्याच दिवसांत सॉफ्टवेअर सेंटरकडून निरोप आला. त्या माणसाने ॲपची नवी आवृत्ती केली होती. आवाज वाढवायची सोय आली होती, पडद्याचं रूप बदललं होतं, आणि जुना स्क्रीनशॉट आता चालणार नव्हता.

"राहू द्या, मॅडम," मी म्हटलं. "दुसरं कुणीतरी करेल."

"कोण करेल?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं. "तोवर तिथं चौकोन दिसेल, सर. कुणीतरी बघून पुढे जाईल."

त्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. आता नाशिकला मुलीकडे असतात. सणावाराला फोन होतो. त्या नातवाची शाळा सांगतात, मी पेपर तपासणीचं सांगतो, आणि दोघंही लवकर आटोपतो. लॅब आता दुसरे सर बघतात. त्या पानावरचं चित्रही मध्यंतरी बदललं. कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या कुणीतरी नवं टाकलं, चांगलं आहे. मला मात्र त्या निरोपानंतरची दुपार आठवते.

मॅडम घरचा लॅपटॉप लॅबमध्ये घेऊन आल्या होत्या. नवी आवृत्ती चढवून झाली. सगळी चित्रं आणि त्यांचे आवाज नीट आले आहेत का, ते एकदा तपासणं भाग होतं. मी शेजारी बसलो होतो. त्यांनी दोन-तीन चित्रं दाबली आणि थांबल्या.

"सर, जरा बाहेर थांबता का?"

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. रस्त्यावरून उसाने भरलेले ट्रॅक्टर जात होते, त्यांचा आवाज गेला की आतला यायचा. आत मी बोलत होतो. चहा. खिडकी. पाठ दुखते. झोप. एकेक शब्द, मध्ये पुरेसं अंतर सोडून. आणि मग एक शब्द असा आला, जो मी कधी म्हटला होता हे मला आठवतही नव्हतं. इतक्या शब्दांत तोही मॅडमनी कधीतरी म्हणवून घेतला असणार.

"अगं," माझा आवाज म्हणाला.

जरा वेळाने पुन्हा. "अगं."

मी तिथून निघून मैदानापलीकडच्या नळापर्यंत गेलो आणि उगाच हात धूत राहिलो. परत आलो तेव्हा मॅडम लॅबला कुलूप लावत होत्या. लॅपटॉप पिशवीत होता, चष्मा डोळ्यांवर होता.

"झालं, सर," त्या म्हणाल्या. "चांगला आलाय स्क्रीनशॉट." आणि पिशवी खांद्याला लावून फाटकाकडे चालू लागल्या.