सुटली शपथ

निवृत्त झालो, तरी लालबागची ती दुपार काही डोक्यातून जात नाही.

एक गृहस्थ चोरीची फिर्याद घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आले. कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीच्या मोत्याच्या कुड्या आणि तिचा ताशा घरातून गेला होता. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीकडे आपण त्या कुड्या पाहिल्या, तिच्यावर गुन्हा दाखल करा, असा त्यांचा हेका होता. मुलगी क्लासला गेली आहे म्हणाले.

मैत्रिणीला तिच्या आईसोबत बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसली. पोरीने दोन्ही वस्तू मुकाट टेबलावर ठेवल्या. मैत्रिणीनेच दिल्या, एवढं म्हणून गप्प झाली. चोर असे गप्प बसत नाहीत. आधी गयावया करतात, मग दुसऱ्याचं नाव घेतात. शिवाय ढोल-ताशा पथकातली पोरगी ऐन सरावाच्या दिवसांत आपला ताशा देऊन टाकते, हे मला पटेना. आणखी कोणाला काही दिलं का, असं विचारलं. तिने पुस्तकंसुद्धा वाटून टाकली होती. आवडीच्या वस्तू अशा वाटून टाकणं ही जीव देण्याच्या विचाराची खूण असू शकते. क्लासला फोन लावला, तर त्या गृहस्थांची मुलगी आज आलीच नव्हती.

"कुठेय ती?" मी मैत्रिणीला विचारलं.

"साहेब, तिने मला आईची शपथ घातलीय. सांगितलं तर आईला काहीतरी होईल."

माझा पारा चढत होता, पण ओरडलो असतो तर ती आणखी मिटली असती. तेवढ्यात तिची आई उठली. मासे विकणारी मालवणी बाई. तिने लेकीचा हात आपल्या डोक्यावर ठेवला.

"सुटली शपथ. माका काय होवचा ता होवंदे. त्या चेडवाक, तुज्या मैत्रिणीक वाचव."

मग पोरगी बोलली. मैत्रीण बरेच दिवस मरणाच्या गोष्टी करत होती. दादरच्या अभ्यासिकेत जाते, संध्याकाळी घरी येणार नाही, असं सकाळी सांगून गेली होती.

जीप काढली. अभ्यासिकेत शेवटच्या बाकावर ती बसलेली दिसली. वडिलांना दारातच थांबवलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसलो.

"बाळा, जीव द्यायचा विचार येतोय का मनात?"

असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. आडून विचारलं की उत्तरही आडूनच येतं, हे मी आरोपींच्या चौकशीत शिकलो होतो.

"हो काका," ती म्हणाली आणि रडू लागली. मी उपदेश केला नाही, ऐकत राहिलो. त्याच संध्याकाळी तिला इस्पितळात मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. तिला एकटं सोडायचं नाही, हे घरच्यांना बजावलं. औषधोपचार बरेच महिने चालले. मधे वाईट दिवसही आले, पण तेव्हा ती स्वतःहून सांगायला लागली होती.

मैत्रीचं गुपित जपावं, पण जिवावरचं गुपित भरवशाच्या मोठ्या माणसाच्या कानावर घालावंच. त्यासाठी मोडलेली शपथ कोणाला लागत नाही. ती मालवणी मावशी आजही मासळी बाजारात बसते, ठणठणीत आहे आणि सुरमई देताना माझ्याशी हुज्जत घालते. गणपतीत त्या वाचलेल्या पोरीचा ताशा कडाडला, की टोपली टाकून सगळ्यात आधी तीच धावते.